वाचकांचे प्रश्न: हस्त कोरडा गेला, ऊन मात्र तापतंय

प्रश्न: ऑक्टोबरचं ऊन आम्हाला नवीन नाही. पण हल्ली पाऊस थांबला की आठ-दहा दिवसांत रान फाटतं, जमिनीला भेगा पडतात. माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. २०२४च्या ऑक्टोबरात तिथेही पाऊस नव्हता, उकाडा होता आणि जंगलांना आगी लागल्या. थंड मुलखात असं कसं? आपलं दुखणं तेच का?
– एक वाचक, जिंतूर, जि. परभणी

उत्तर: कारणाचा मोठा भाग एकच आहे. तापलेली हवा जमिनीतून आणि पानांतून जास्त पाणी ओढते. ३३ अंशांना ४० टक्के आर्द्रता असलेली हवा बाष्प न वाढता ३६ अंशांवर गेली, तर तिची ही ओढ सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी ओल लवकर संपते. न्यू जर्सीत ऑक्टोबरात एरवी शंभरेक मिलिमीटर पाऊस होतो. २०२४चा ऑक्टोबर हा त्या राज्याच्या नोंदींतला सर्वांत कोरडा महिना ठरला. शेजारच्या फिलाडेल्फियात सलग ४२ दिवस मोजण्याजोगा पाऊस नव्हता. तिथे शरदात हवा गार होते, झाडं पानं गाळतात आणि उन्हाळ्यात रिकामी झालेली जमीन पुन्हा भरते. उबदार, कोरड्या शरदात हे भरणंच चुकतं. त्याच वर्षी भारतातला ऑक्टोबरही १९०१पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण होता.

फरक पुढच्या महिन्यांत आहे. त्यांच्याकडे हिवाळाभर पाऊस आणि बर्फ येत राहतं. मराठवाड्यात परतीचा पाऊस गेल्यावर भरवशाचं पाणी थेट जूनमध्ये. म्हणून ऑक्टोबरात रानात असलेली ओल हीच आपली जिरायत रब्बीची सगळी पुंजी आहे.

प्रश्न: हस्त नक्षत्राचा पाऊस झालाच नाही. भारी काळी जमीन आहे, सोयाबीन नुकतं काढलं. ज्वारी पेरावी की ऑक्टोबरअखेरच्या स्वाती नक्षत्राची वाट पाहावी?
– एक शेतकरी, गेवराई, जि. बीड

उत्तर: वाट पाहू नका. आधी ओल मोजा. बोटाएवढ्या जाडीची टोकदार सळई रानात पाच-सहा ठिकाणी हाताच्या जोराने दाबा. ओल्या थरात ती सरकत जाते, कोरड्या थराला अडते. भेगेत दाबू नका, फसवा आकडा मिळेल. मग दोन ठिकाणी खड्डा घेऊन फूटभर आणि दोन फुटांवरची माती मुठीत वळा. गोळा कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला नाही, तर पेरणीजोगी ओल आहे. काळ्या जमिनीचा पूर्ण ओला एक फूट पिकाला ४५ ते ६० मिमी पाणी देतो.

ओल तीन फुटांपर्यंत असेल तर ज्वारी किंवा करडई घ्या. दीड-दोन फूट असेल तर हरभरा बरा. फूटभरही नसेल तर बियाणं-खताचा खर्च करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे उगवण होते, पीक गुडघ्याएवढं होतं आणि पोटरीत येण्याआधी, म्हणजे कणीस पानाच्या आवरणात भरण्याआधी, वाळतं.

पेरायचं ठरलं तर नांगर अजिबात घालू नका. नांगरटीने खालची ओली ढेकळं वर येतात आणि दोन दिवसांत वाळतात. सोयाबीन काढल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वखराची एक उथळ पाळी द्या आणि लगेच तिफण धरा. ज्वारीचं बी एकरी ४ किलो, दोन ओळींत ४५ सेंमी, खोली ५ ते ७ सेंमी. बी ओल्या थरात पडलं पाहिजे. वरच्या कोरड्या मातीत पडलेलं बी एखाद्या शिडकाव्याने फुगतं आणि मरतं. विरळ उगवणीचं हेच नेहमीचं कारण. काणी या बुरशीच्या रोगासाठी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळा. खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस (बियाण्याला लावायचं पातळ कीटकनाशक) किलोला १० मिली लावा, कारण पेरणी १५ ऑक्टोबरच्या पुढे सरकली की तिचा उपद्रव वाढतो. भारी जमिनीला परभणी मोती किंवा फुले वसुधा, हलक्या जमिनीला फुले अनुराधा.

खरं काम पेरणीनंतर सुरू होतं. पहिली कोळपणी (ओळींमधली माती वरवर हलवणं) तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. तण नाही म्हणून तिसरी टाळतात, आणि नुकसान तिथेच होतं. ती तणासाठी नसतेच. आठव्या आठवड्यापर्यंत भेगा रुंदावतात, त्यांतून दोन-दोन फूट खालची ओल उडते आणि बारीक मुळं तुटतात. दातेरी कोळपा भेगांत भुसभुशीत माती भरतो. शेततळ्यातून एकच पाणी देता येत असेल तर ते ५० ते ५५ दिवसांनी, पीक पोटरीत असताना द्या.

प्रश्न: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला हरभरा उगवला छान, पण ठिकठिकाणी रोपं वाळताहेत. औषध कोणतं?
– एक शेतकरी, औसा, जि. लातूर

उत्तर: आधी रोपं उपटून बघा, कारण अशी लक्षणं तीन रोगांत दिसतात. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि कुजलेला भाग दिसला तर ती मानकूज. सोयाबीनचा काडीकचरा नीट न कुजता राहिला आणि पेरणीवेळी वर ओल व उष्णता असली की ती येते. बुंधा चांगला, पण उभा चिरल्यावर आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर मर. सोटमूळ कोरडं होऊन कट्‌कन तुटलं, बारीक मुळ्या नाहीशा झाल्या, तर कोरडी मूळकूज. ३० अंशांपुढची उष्णता आणि वाळलेली जमीन या शेवटच्या रोगाला फार मानवते. एरवी तो फुलोऱ्यानंतर जोर करतो, तापलेल्या वर्षी आधीच दिसू लागतो.

वाळलेलं रोप कोणत्याही औषधाने उठत नाही. मूळकुजीवर तुषार संचाने एक हलकं पाणी देता आलं तर पसरणं मंदावतं. मानकुजीत मात्र पाणी देऊ नका. रोगट रोपं उपटून रानाबाहेर न्या.

उरलेली पेरणी करताना किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा लावा आणि १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम जिवाणू संवर्धक. रासायनिक बुरशीनाशक वापरणार असाल तर ते सगळ्यांत आधी लावून बी सावलीत वाळवा, जिवाणू संवर्धक नंतर. जिरायतीत बी १० सेंमी खोल पाडा. बागायती हरभरा असेल तर २० ऑक्टोबरपर्यंत थांबा. मर रोगाला आकाश (बीडीएनजी ७९७), विजय, दिग्विजय ही वाणं बरी तग धरतात.

प्रश्न: मोसंबीची फळं गळताहेत. विहिरीत पाणी निम्मंच आहे. झाडाला रोज किती लिटर द्यावं?
– एक बागायतदार, अंबड, जि. जालना

उत्तर: हिशेब असा. दिवसाचं बाष्पीभवन (मिमी) × बाष्पीभवन पात्राचा गुणांक ०.७ × पीक गुणांक ०.७ × झाडाच्या सावलीचं क्षेत्र (चौ. मी.). चार मीटर घेराच्या, म्हणजे आरपार चार मीटर पसरलेल्या झाडाची सावली साडेबारा चौरस मीटर धरा. बाष्पीभवन ६ मिमी असताना सुमारे ३७ लिटर येतात. ठिबकमधली तूट धरून ४० लिटर द्या.

तेवढं नसेल तर आधी झाडावरचा भार उतरवा. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली, बारीक फळं असतील तर ती काढून टाका. एका झाडावर दोन बहार पोसायला या वर्षी पाणी नाही. वाळक्या फांद्या आणि पाणसोट (फळ न देता सरळ वाढणारे फुटवे) काढा. आळ्यात सोयाबीनच्या भुसकटाचा चार-पाच इंच थर द्या, पण खोडापासून अर्धा फूट लांब. खोडाला चिकटलेल्या ओल्या भुसकटाने डिंक्या (खोडातून डिंक वाहण्याचा रोग) येतो. पानांवर केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी) ८ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम फवारा. ते तळाशी बसतं आणि नोझल तुंबतं, म्हणून गाळून घ्या आणि पंप हलवत राहा. पाणी रात्री सोडा. आठवडाभर कोरडं ठेवून एकदम भरपूर दिलं तर उरलेली फळं तडकतात आणि गळतात.

प्रश्न: ३० × ३० मीटरच्या शेततळ्यातून उन्हाने किती पाणी जातं?
– एक वाचक, भोकरदन, जि. जालना

उत्तर: रोज ५ मिमी धरलं तर ९०० चौरस मीटरवरून ४,५०० लिटर, महिन्याला १ लाख ३५ हजार. तीन मीटर खोलीच्या, एकास एक उताराच्या भरलेल्या तळ्यात साधारण २२ लाख लिटर मावतात. दोन अर्धी तळी असतील तर एकात उपसून घ्या, उघडं पृष्ठभाग कमी होतं. आणि हे पाणी ज्वारी-हरभऱ्याला द्यायचं असेल तर योग्य अवस्था आली की द्या. मार्चपर्यंत साठवून ठेवण्यात फायदा नाही.

प्रश्न: विहीर आटली. पाचशे फूट बोअर घ्यावा का?
– एक शेतकरी, कळंब, जि. धाराशिव

उत्तर: नका घेऊ. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी बहुतेक वरच्या झिजलेल्या आणि भेगाळ थरात असतं. खाली अखंड खडक लागला की पुढचे शंभर-दोनशे फूट निव्वळ धूळ निघते. लागलंच तर ते जुनं साठलेलं पाणी असतं आणि एका पावसाळ्याने भरत नाही. २००९च्या भूजल अधिनियमात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विंधन विहिरीला मनाई आहे. त्याच पैशात जुन्या विहिरीचा गाळ काढा आणि वरच्या ओढ्यावरचा बंधारा दुरुस्त करा.

प्रश्न: जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर शेत आहे. वरून पाणी सोडणार म्हणतात. त्या भरवशावर गहू पेरू का?
– एक शेतकरी, पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर: समन्यायी वाटपासाठी, म्हणजे वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी न्याय्य वाटण्यासाठी, १५ ऑक्टोबरची स्थिती पाहतात. २०१४च्या आदेशानुसार जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर नाशिक आणि अहिल्यानगरकडच्या धरणांतून सोडण्याचा प्रश्न येतो. २०२३च्या तुटीत ८.६ टीएमसीचा आदेश निघाला होता. वाटेत कोरड्या नदीपात्रात बरंच मुरतं, म्हणून आदेशाचा आकडा म्हणजे धरणात पोहोचलेलं पाणी समजू नका. कालवा सल्लागार समितीने रब्बीची आवर्तनं (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) किती ते जाहीर करेपर्यंत गव्हाचं बी घेऊ नका. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात. पहिली २१व्या दिवशी चुकली तर फुटवे कमी येतात, आणि नोव्हेंबर उष्ण राहिला तर आणखी घटतात. दोनच आवर्तनं मिळाली तर हरभरा निघतो. नमुना क्रमांक ७चा पाणी अर्ज मात्र मुदतीत भरून पोच घ्या. मागणी नोंदवलेली नसेल तर आवर्तन आल्यावर तुमच्या चारीला पाणी मागता येणार नाही.