सोपी आहे म्हणून नव्हे

प्रिय मित्रा,

युरोपीय संसदेत एस्पेरांतो, म्हणजे कुठल्याच एका देशाची नसलेली, मुद्दाम रचलेली आंतरराष्ट्रीय भाषा आणावी, असं मांडणारं तुझं टिपण वाचलं. मार्गदर्शकांनी विषय बदलायला सांगितला म्हणून तू डळमळलास, हेही कळलं. विषय बदलू नकोस. पहिलं पान मात्र फाडून टाक. व्याकरणाचे सोळा नियम, नामाच्या शेवटी ओ, विशेषणाच्या आ, वर्तमानकाळाच्या आस; सगळं बरोबर आहे आणि त्याने एकही प्रतिनिधी हलणार नाही. सोपेपणा सांगू नकोस, समता सांग.

पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाचं (लीग ऑफ नेशन्सचं) प्रकरण नीट वाच. शाळांतून एस्पेरांतो शिकवण्याबद्दल १९२२ मध्ये सचिवालयाचा अहवाल अनुकूल होता. उपमहासचिव इनाझो नितोबे आदल्या वर्षी प्रागच्या एस्पेरांतो अधिवेशनाला स्वतः जाऊन आले होते. आडवा आला फ्रान्स. भाषा अवघड होती म्हणून? छे! मुत्सद्देगिरीत फ्रेंचचा मान होता, तो त्यांना सोडायचा नव्हता. म्हणून म्हणतो, समता सांग.

आजचं बघ. युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषा, म्हणजे भाषांतराच्या ५५२ जोड्या. कागदावर सगळ्या सारख्या. पण माल्टीजमधलं भाषण एस्टोनियनमध्ये जाताना बऱ्याचदा आधी इंग्रजीत होतं, मग पुढे. २०२० मध्ये ब्रिटन बाहेर पडलं, तरी इंग्रजी तिथेच. तुझी मागणी इंग्रजीच्या या मधल्या जागेपुरती ठेव. पंचविसावी अधिकृत भाषा मागितलीस, तर फाइल उघडणारही नाहीत.

‘शब्द तर युरोपातलेच, मग आपल्याला कसली समता?’ असं कोणी विचारेलच. मुळं बहुतेक युरोपीय आहेत, हे सरळ मान्य कर. पण त्या भाषेत ‘आमच्यात असं बोलत नाहीत’ म्हणून तुला गप्प बसवणारा मालक कोणी नाही. नोकरीत मी ते पुष्कळ सोसलं. हिशेब माझा, पण मी इंग्रजीत बोलायला लागलो की समोरचे कागदात डोकं घालायचे. तेच दुसऱ्याने सफाईने मांडलं की मंजूर. आयुष्य वाया घालवलंस, म्हणणारे ठाण्यात अजून भेटतात. विनोबाही एस्पेरांतो शिकले होते म्हटलं की जरा थांबतात. मला ती साक्षही नको. माणसाची किंमत उच्चारावरून ठरू नये, एवढ्यासाठी मी चिकटून राहिलो आणि राहणार.

खंत आहे ती बोलायला माणूस न मिळाल्याची. घंटाळीला आम्ही दोघं-तिघं जमायचो, ते पांगले. मग पत्रांवर भागवलं. आणि तू, समोर माणूस असताना, मराठीत बोलून वेळ मारून नेतोस! समता मागायची तर ती भाषा आधी तोंडात हवी. वाक्यातल्या कर्माच्या शेवटी लागणारा ‘न’ अजून विसरतोस.

रविवारी ऐरोलीहून सकाळची लोकल पकड. नवं पहिलं पान १९२२ पासून सुरू कर, खर्चाचा तक्ता मागे टाक. दारातूनच एस्पेरांतो सुरू. मराठीत विचारलंस तर उत्तर देणार नाही. जेवायलाच थांब.

तुझा,
काका