घासूनपुसून ठेवलेली भांडी

प्रश्न : स्कॉटलंडजवळच्या फ्लॅनन बेटांवरील दीपगृहातून तीन रक्षक एकाएकी नाहीसे झाले, मागे टेबलावर वाढलेली ताटे तशीच होती आणि एक खुर्ची उलटून पडली होती, असे वाचनात आले. यात तथ्य किती?
– एक वाचक, नारायण पेठ, पुणे

उत्तर : तिघे नाहीसे झाले हे खरे आहे. वाढलेली ताटे आणि उलटलेली खुर्ची मात्र विल्फ्रिड विल्सन गिब्सन यांच्या १९१२ सालच्या कवितेतली आहे आणि सांगोवांगीने ती वस्तुस्थिती म्हणून रूढ झाली आहे.

हे दीपगृह लुईस बेटाच्या पश्चिमेस सुमारे ३२ किलोमीटरवर, आयलिन मोर या बेटाच्या माथ्यावर आहे. डेव्हिड ॲलन स्टीव्हन्सन यांनी आखलेला हा २३ मीटर उंचीचा मनोरा बांधायला चार वर्षे लागली, कारण सारे सामान बोटीने आणून उभ्या कड्यावरून वर चढवावे लागे. ७ डिसेंबर १८९९ रोजी दिवा प्रथम लागला.

पुढच्याच वर्षी १५ डिसेंबरच्या रात्री जवळून गेलेल्या एका आगबोटीला तो दिवा दिसला नाही. वादळामुळे रसद आणि बदली रक्षक घेऊन येणारी ‘हेस्पेरस’ बोट २६ तारखेला पोहोचली, तेव्हा भोंगा वाजवूनही कोणी खाली आले नाही. बदलीवर आलेला जोसेफ मूर एकटाच पायऱ्या चढून वर गेला. चूल कित्येक दिवस पेटलेली नव्हती आणि बिछाने रिकामे होते. स्वयंपाकघरातली भांडी मात्र स्वच्छ घासलेली होती, त्यावरून दुपारचे जेवण उरकल्यावरच ही माणसे बाहेर पडली असावीत, असे मूरने लिहून ठेवले आहे. दिव्यातही तेल भरलेले होते. मला या साऱ्या प्रकरणात हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते, कारण रात्रीच्या पाळीची तयारी करून ठेवणारी माणसे भ्रमिष्ट झाली होती, हा काहींचा तर्क पटण्यासारखा नाही.

दीपगृह मंडळाचे अधीक्षक रॉबर्ट मुइरहेड यांनी जागेवर जाऊन पाहणी केली. पाटीवर खडूने लिहिलेली शेवटची नोंद १५ डिसेंबरच्या सकाळी नऊची होती. पश्चिमेच्या धक्क्यावर, समुद्रसपाटीपासून ३३ मीटर उंचीवर कपारीत ठेवलेली दोरखंडांची पेटी फुटून गेली होती, लोखंडी कठडे वाकले होते आणि ६० मीटर उंचीवरच्या कड्याच्या काठावरील हिरवळ उखडली गेली होती. वीस मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत समुद्र चढला, असे समजल्यास त्या लाटांची कल्पना येईल. ती पेटी सावरायला गेलेल्या माणसांना अचानक उसळलेल्या लाटेने ओढून नेले, हा मुइरहेड यांचा निष्कर्ष होता आणि उपलब्ध पुराव्याशी तोच सर्वाधिक जुळतो.

जेम्स ड्यूकॅट आणि थॉमस मार्शल यांचे गमबूट आणि तेलकापडी अंगरखे जागेवर नव्हते. तिसऱ्याचा, म्हणजे आजारी रक्षकाच्या जागी तात्पुरता आलेल्या डोनाल्ड मॅकार्थरचा, कोट मात्र मागेच राहिला होता. डिसेंबरच्या त्या थंडीत तो सदऱ्यावरच बाहेर पडला, याचा अर्थ बहुधा एवढाच की सोबत्यांच्या मदतीला धावताना कोट चढवायलाही त्याला सवड मिळाली नाही. तिघांचे मृतदेह सापडले नाहीत.

रक्षकांची नेमणूक पुढे सात दशके चालूच राहिली. १९७१ साली दिवा स्वयंचलित झाल्यावर ती थांबली.