लॉन कापायच्या मशीनच्या पात्याला धार लावायला ३५० रुपये जास्त होतात का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात तुमचं लग्नकार्याचं लॉन आहे आणि पेट्रोलवर चालणारं ढकलायचं मशीन आहे. दुकानदार पात्याला धार लावायचे ३५० सांगतो, कडबाकुट्टीची पाती घासणारा ५० रुपयांत करून देतो म्हणतो, आणि नवीन पातं ९०० ला मिळतं. यातलं काय परवडेल, हा प्रश्न.

मी सांगलीत ग्राइंडिंगचं काम करतो. कडबाकुट्टीची पाती, उसाचे कोयते, सुतारांची रंध्याची पाती आणि हल्ली बंगल्यांची नि लॉनवाल्यांची मशीनही येतात. आमच्याकडे पातं खोलून आणलं तर १०० रुपये घेतो, बॅलन्ससकट, म्हणजे पात्याच्या दोन्ही टोकांचं वजन सारखं करून. अख्खं मशीन आणून टाकलं तर २५०, कारण गंजलेला बोल्ट सोडवणं, खालचं वाळलेलं गवत खरवडणं आणि पातं परत बसवणं यात धारेपेक्षा जास्त वेळ जातो. त्यामुळे तुमच्या दुकानदाराच्या ३५० मध्ये हे सगळं येत असेल तर थोडे जास्त म्हणा, पण ती लूट नाही. नुसतं पातं घासून देणार असेल तर मात्र देऊ नका.

दोघांनाही एकच प्रश्न विचारा: बॅलन्स बघता का?

हे एवढं का सांगतोय ते नीट समजून घ्या. मोठ्या चाकाच्या कडबाकुट्टीत पातं जड चाकाला आवळलेलं असतं आणि ते चाक त्या मानाने हळू फिरतं. तिथे एका पात्याचं लोखंड थोडं जास्त गेलं तरी भागतं. लॉनचं पातं मधोमध एका बोल्टवर, थेट इंजिनच्या शाफ्टला बसतं. २० इंची पातं मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरलं की त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ८० मीटर होतो, म्हणजे ताशी २८५ किलोमीटरच्या पुढे. एका टोकाकडून दहा ग्रॅम लोखंड जास्त घासलं गेलं, तर त्या वेगाला शाफ्टवर सुमारे २० किलोची ओढ येते आणि ती दर फेरीला चारी दिशांनी फिरते. आधी हँडलला मुंग्या येतात, मग बोल्ट सैल पडायला लागतात, शेवटी शाफ्टचं सील आणि बेअरिंग जातं. ५० रुपयांच्या धारेपायी इंजिन उघडायची वेळ आलेली मशीन माझ्याकडे येतात, म्हणून कळकळीने सांगतो.

बॅलन्स बघायला मोठं यंत्र लागत नाही. भिंतीत खिळा ठोका, पात्याचं मधलं भोक त्यात अडकवा आणि पातं आडवं धरून सोडा. जी बाजू खाली जाईल तिकडून थोडं घासायचं, पुन्हा लावून बघायचं. आडवंच राहिलं की झालं. तुमच्या कडबाकुट्टीवाल्यासमोर उभं राहून एवढं करून घ्या आणि त्याला ५० ऐवजी १०० द्या. हा माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा.

त्याला कमी लेखू नका. आमच्या मिरजेत सतार-तंबोरे करणारी घराणी मूळची हत्यारांना धार लावणारी, शिकलगारांची. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली तेव्हा त्यांनी तोच हात वाद्यांकडे वळवला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. धारेचं काम करणाऱ्याच्या हातात माप असतं. फक्त लॉनच्या पात्याला कोयत्यासारखी धार लागत नाही हे त्याला आधी सांगावं लागतं. कोयत्याची कड बारीक काढतात. तशी इथे काढली तर पहिल्याच खड्यावर ती दुमडते. मूळचा उतार साधारण ३० अंशांचा असतो, तोच धरायचा, वरच्या बाजूनेच घासायचं आणि कडेला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडी ठेवायची. बोट कापेल अशी धार नकोच.

दुसरी नजर रंगावर ठेवा. ग्राइंडरवर पातं एकाच जागी दाबून धरलं की कड निळी पडते. निळी पडली म्हणजे तिथलं पोलादाचं पाणी उतरलं. ती जागा मऊ होते आणि धार दोन-तीन कापण्यांत बसते. हलक्या हाताने, मध्येमध्ये पाण्यात बुडवत घासणारा माणूस दिसला तर त्याला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

आता तुमच्या लॉनचं. घरच्या बागेपेक्षा कार्याच्या लॉनचं पातं लवकर जातं, ते गवतामुळे नव्हे, मांडवामुळे. खिळे, बांधणीची तार, हारांमधली बारीक तार, बाटल्यांची बुचं, फोकसवाल्यांचे स्क्रू, सगळं गवतात राहतं. मांडव उतरला की जुन्या स्पीकरचं मोठं लोहचुंबक दोरीला बांधून लॉनभर ओढत न्या. एका फेरीत किती निघतं ते बघाल तर पुन्हा कधी चुकवणार नाही. पात्याला खाच पडली की ती जाईपर्यंत दोन्ही टोकांचं लोखंड घासावं लागतं, म्हणजे पात्याचं आयुष्यच कमी होतं.

मशीन चालल्याचे २० ते २५ तास झाले की धार बघावी असा सर्वसाधारण नियम आहे. तुमच्याकडे सांगलीपेक्षा पाऊस जास्त, गवत भराभर वाढतं आणि नेमकी तेव्हा लग्नं नसतात, त्यामुळे मशीनचं खरं काम पावसाळ्यातच. पावसाच्या तोंडावर एकदा, गणपतीच्या सुमारास एकदा आणि तुळशीच्या लग्नाआधी एकदा, एवढं बहुतेक पुरेल. शंका आली तर कापल्यानंतर गवताची एक काडी तोडून जवळून बघा. धारदार पात्याने कापलेलं टोक सरळ आणि हिरवं असतं. बोथट पात्याने ते फाटतं, पांढरट तंतू लोंबतात आणि दुसऱ्या दिवशी टोक वाळून तपकिरी होतं. लांबून अख्खं लॉन पिवळट दिसतं आणि माळी पाणी वाढवत बसतो. इंजिनलाही जास्त ओढावं लागतं, पेट्रोल जातं ते वेगळंच.

पातं स्वतः खोलणार असाल तर सगळ्यात आधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा. यात हयगय नको, हाताने पातं फिरवलं तरी इंजिन चालू होऊ शकतं. मशीन कलतं करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला येईल असं करा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं. पात्याची खालची बाजू खडूने खुणवा, कारण उलटं बसलं तर गवत कापलंच जात नाही. नुसती झिजलेली धार असेल तर व्हाइसमध्ये धरून चपट्या कानशीने घरीसुद्धा होते, दोन्ही टोकांना सारखे हात मारायचे.

नवीन पातं कधी घ्यायचं? चीर दिसली, पातं वाकलं, किंवा मागचा वर वळलेला पंखा झिजून पातळ झाला तर लगेच. ठोकून सरळ करणं नको आणि वेल्डिंग तर अजिबात नको. त्या वेगाला तुटलेला तुकडा माणसाच्या पायात घुसतो. बाकी वेळी ९०० खर्चायची गरज नाही. पण एक जास्तीचं पातं घेऊन ठेवलंत तर एक धारेला गेलं की दुसरं चालू राहील. घेताना जुनं पातं सोबत न्या, लांबी जुळली तरी मधलं भोक जुळेलच असं नाही.

हे सगळं एकाच आडव्या पात्याच्या मशीनचं. तुमचं मशीन रिळाचं, म्हणजे पाच-सहा वळणदार पात्यांचं असेल, तर हिशेब वेगळा. तिथे रीळ आणि खालची पट्टी एकमेकांना पेस्ट लावून घासून जुळवावी लागते. ते कडबाकुट्टीवाल्याचं काम नाही आणि ३५० मध्ये कोणी करून देत असेल तर आनंदाने द्या.