निर्देशांकाचा चार्ट वाचताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: निर्देशांकाच्या डेली चार्टवर हेड अँड शोल्डर्स (मधे उंच डोके, दोन्ही बाजूंना ठेंगणे खांदे असा आकार) तयार होतोय. उजवा खांदा जवळपास पूर्ण झालाय. आत्ताच शॉर्ट (आधी विकून नंतर स्वस्तात खरेदी) करू का?

उत्तर: थांबा. डोक्याच्या दोन्ही बाजूंचे तळ जोडणाऱ्या रेषेखाली, म्हणजे नेकलाइनखाली, क्लोजिंग (दिवसाचा शेवटचा भाव) येत नाही तोवर पॅटर्न पूर्ण झाला असे म्हणता येत नाही. तेजीतल्या साध्या घसरणीतही असाच आकार दिसतो.

आकडे मांडून बघा. समजा डोके १०,००० वर, नेकलाइन ९,४०० वर आणि उजवा खांदा ९,७५० वर आहे. डोक्यापासून नेकलाइनपर्यंत ६०० अंक, तेवढेच नेकलाइनच्या खाली मोजायचे, म्हणून टार्गेट ८,८००. क्लोजिंग ९,३७० ला आले, तिथेच विकले आणि स्टॉप लॉस (तोटा रोखायला आधीच लावलेली ऑर्डर) खांद्याच्या थोडा वर ९,७७० ला लावला, तर ४०० अंकांची जोखीम घेऊन ५७० अंकांची आशा धरली. दीडपटही नाही! नेकलाइन तुटल्यावर भाव बऱ्याचदा पुन्हा तिच्यापर्यंत चढतो. तिथे ९,४०० ला विकले तर जोखीम ३७० आणि टार्गेट ६०० अंकांवर. मी या रिटेस्टची वाट बघतो. कधी तो येतच नाही आणि सौदा हुकतो. हुकू द्यावा.

प्रश्न: ब्रेकआउटला, म्हणजे भाव पॅटर्नची रेषा तोडून बाहेर पडताना, व्हॉल्यूम (उलाढाल) वाढायला हवा म्हणतात. निर्देशांकाचा व्हॉल्यूम कुठला धरायचा?

उत्तर: निर्देशांक हा हिशोबाने काढलेला आकडा, त्याची थेट खरेदी-विक्री होत नाही. चार्टखाली दिसतो तो सहसा घटक शेअर्सच्या व्हॉल्यूमची बेरीज असतो. त्यात कमी भावाच्या एखाद्या शेअरमध्ये लाखोंनी शेअर्स फिरले की बेरीज फुगते. त्यापेक्षा निर्देशांकाच्या फ्युचर्सचा (पुढच्या तारखेच्या सौद्यांचा) व्हॉल्यूम बघा. मात्र एक्स्पायरी (कॉन्ट्रॅक्टची मुदत संपण्याची तारीख) जवळ आली की रोलओव्हरमुळे (सौदा पुढच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नेल्यामुळे) चालू कॉन्ट्रॅक्टमधला व्हॉल्यूम पुढच्यात सरकतो, त्यामुळे त्या दिवसांत दोन्हींची बेरीज करून बघावी.

प्रश्न: ट्रँगल (भाव निमुळता होत जाणारा त्रिकोणी पॅटर्न) वरच्या बाजूला तुटला, मी खरेदी केली आणि दोनच दिवसांत भाव परत आत आला. चुकले कुठे?

उत्तर: भाव आत आल्यावर बाहेर पडला असाल, तर काहीच चुकले नाही. फसलेले ब्रेकआउट या धंद्यात येणारच. पण पुढच्या वेळी खरेदीआधी निर्देशांकाच्या पोटात डोकवा. बाजारमूल्यानुसार भार देणाऱ्या निर्देशांकाला चार-पाच बड्या कंपन्याही वर ओढू शकतात. अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकाचे तर आणखी वेगळे: त्यातल्या ३० शेअर्सना भावानुसार भार मिळतो, म्हणून महागडा शेअर कंपनीच्या आकारापेक्षा जास्त जोर लावतो. ब्रेकआउटच्या दिवशी निम्म्याहून जास्त घटक शेअर्स घसरलेले असतील, तर मी तो सौदा सोडतो. समान भाराचा निर्देशांक उपलब्ध असेल तर त्याचा चार्टही शेजारी ठेवा. तोही तुटलाय का, एवढेच बघायचे.

प्रश्न: पाच मिनिटांच्या चार्टवर खरेदी दिसते, डेलीवर विक्री. कोणाचे ऐकू?

उत्तर: पोझिशन (चालू सौदा) जितका वेळ ठेवणार, त्या टाइमफ्रेमचे.

प्रश्न: स्टॉप लॉस लावला की तोटा तेवढ्यावरच थांबतो ना?

उत्तर: तशी खात्री नसते, आणि हे प्रत्येकाने नीट समजून घ्यायला हवे. बाजार गॅपने, म्हणजे आदल्या भावापासून एकदम दूर, उघडला तर ऑर्डर मिळेल त्या भावाला पूर्ण होते. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ एकाच दिवसात २२.६ टक्के कोसळला होता. रात्रभर पोझिशन ठेवणार असाल तर लॉट (सौद्याचे ठरलेले एकक) किती घ्यायचे हे ठरवताना स्टॉपच्या दुप्पट अंतराचा गॅप पडल्याचे गृहीत धरा. तेवढा तोटा भांडवलाला झेपत नसेल तर लॉट कमी करा. एकच लॉट उरला आणि तोही झेपत नसेल, तर संध्याकाळी बाहेर पडा.