युरोपिअम घ्या, पण खाडीचं पाणी टाळू नका

तुमचा प्रश्न असा: रत्नागिरीत राहून एमएस्सीच्या प्रोजेक्टला आयन ओळखणारे चमकणारे कॉम्प्लेक्स (धातूभोवती रेणू बांधलेली संयुगं) घ्यावेत का, आणि धातू कोणता? घ्या. धातू युरोपिअम. इरिडियम-रुथेनियमबद्दल दुसरं कोणी लिहील. मी युरोपिअमवरून भांडलोय.

माझा कॉम्प्लेक्स फॉस्फेटसाठी होता. युरोपिअमच्या नऊपैकी सात जागा लिगँडने (धातूला धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय रेणूने) धरलेल्या, दोनांवर पाणी. पाण्याचे ओ-एच बंध ऊर्जा कंपनांत जिरवतात, म्हणून चमक मंद. फॉस्फेट येऊन पाणी हटलं की ६१५ नॅनोमीटरची लाल चमक वाढते. डिस्टिल्ड पाण्यात आलेख इतका देखणा आला की गाइड म्हणाले, "झालं, लिहायला घ्या." मी म्हटलं, सर, भाट्याच्या खाडीचं पाणी लावून बघतो. "कशाला? परीक्षक विचारणार आहेत का?"

आणलंच. भरतीचं, गाळून. फॉस्फेटचा थेंबही घालायच्या आधी क्युव्हेट (नमुन्याची पारदर्शक कुपी) यूव्ही दिव्याखाली लालभडक! बायकार्बोनेट. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला २ मिलिमोलच्या आसपास असतं आणि फॉस्फेट मायक्रोमोलमध्ये. पाणी हटवून दोन्ही जागा बायकार्बोनेटनेच अडवल्या होत्या. सर म्हणाले, ती आकृती वगळा. मी वगळली नाही. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

प्रस्तावनेत मात्र सगळेच लिहितात, रक्तातलं फॉस्फेट मोजता येईल म्हणून "मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी उपयुक्त". अहो, रक्तात बायकार्बोनेट २२ ते २८ मिलिमोल असतं, खाडीच्या दहापटीहून जास्त! तिथे फॉस्फेटही १ मिलिमोलच्या आसपास असतं, त्यामुळे गुणोत्तर खाडीपेक्षा बरं, हे मान्य. तरी पंचवीसपट गर्दीतून निवड जमायला हवीच, आणि डिस्टिल्ड पाण्यात ती कळत नाही.

तरीही युरोपिअमच का? त्याची चमक मिलिसेकंदाच्या घरात टिकते. खाडीत कुजलेल्या पाल्याची चमक नॅनोसेकंदांत विझते, म्हणून जरा थांबून मोजलं की ती वगळली जाते. बायकार्बोनेटवर हा इलाज चालत नाही; त्यासाठी लिगँडच बदलावा लागतो. आणि असं थांबून मोजणारं यंत्र प्रत्येक कॉलेजात नसतं, ते कुठे मिळेल हे आधी ठरवा, मग विषय नोंदवा. डिस्टिल्ड पाण्यातली मोजणीही कराच, बंधनाचा स्थिरांक (आयन किती घट्ट धरला जातो याचा आकडा) तिथेच नीट मिळतो.

पण प्रबंधात बायकार्बोनेटची आकृती आधी लावा. गाइड काहीही म्हणोत.