पाच डॉलर पाच सेंट कसे लिहावेत?

प्रश्न : अमेरिकेतील एका दुकानात वस्तूच्या किमतीच्या जागी ‘.९९¢’ असे लिहिलेले पाहिले. ते बरोबर आहे का? तसेच पाच डॉलर पाच सेंट ही रक्कम ‘$५.५’ अशी लिहिली तर चालेल का?

उत्तर : दोन्ही ठिकाणी चूक आहे. पाटीवरील चूक अधिक गमतीची आहे, कारण ‘.९९¢’ याचा शब्दशः अर्थ एका सेंटपेक्षाही कमी, म्हणजे एका सेंटचे शंभरातील नव्व्याण्णव भाग, असा होतो. त्या हिशेबाने एक सेंट देणाऱ्या ग्राहकाला शंभर वस्तू नव्हे, पण एक वस्तू तरी नक्कीच मिळायला हवी! दुकानदाराला अभिप्रेत असलेली किंमत ‘९९¢’ किंवा ‘$०.९९’ यांपैकी एकाच पद्धतीने लिहिता येते. डॉलरचे चिन्ह, बोलताना नंतर उच्चारले जात असले तरी, अंकांच्या आधी येते आणि सेंटचे चिन्ह अंकांच्या नंतर येते. एकाच रकमेला ही दोन्ही चिन्हे कधीही लावत नाहीत.

आता आपला दुसरा प्रश्न. एका डॉलरचे शंभर सेंट असल्यामुळे दशांश चिन्हानंतर दोन घरे असतात. पाच सेंट म्हणजे पाच शतांश, म्हणून ती रक्कम ‘$५.०५’ अशी लिहावी. ‘$५.५’ हे गणिताच्या दृष्टीने पाच डॉलर पन्नास सेंट होतात, परंतु रक्कम म्हणून तेही ‘$५.५०’ असेच लिहिण्याचा संकेत आहे. कॅल्क्युलेटर शेवटचे शून्य सहसा दाखवत नाही आणि तो आकडा जसाच्या तसा उतरवल्याने हा घोटाळा वारंवार होतो. रक्कम पूर्ण डॉलरमध्ये असेल, तर मजकुरात नुसते ‘$५’ पुरते.

दोन घरांच्या नियमाला अमेरिकेतच एक ठळक अपवाद आहे. १७९२ च्या नाणेविषयक कायद्याने डॉलरचा हजारावा भाग ‘मिल’ या नावाने मान्य केला होता. त्याचे नाणे केंद्र सरकारने कधी पाडले नाही, पण पेट्रोल पंपांवर गॅलनचा दर आजही ‘$३.४९९’ अशा तीन घरांत दिसतो. तो तीनशे एकोणपन्नास पूर्णांक नऊ दशांश सेंट असा वाचावा.

धनादेशावर मात्र अक्षरी रकमेत डॉलर शब्दांत आणि सेंट ‘०५/१००’ अशा अपूर्णांकात लिहितात.