जुनी पेट्रोल सेडान घ्यावी की जुनी डिझेल एसयूव्ही?

दोन्ही गाड्या दहा-बारा वर्षांच्या, किंमत जवळपास सारखी आणि तुमचं रोजचं जाणं-येणं शहरातल्या शहरात. मग माझं मत सरळ आहे: सेडान घ्या.

एक कारण डिझेलच्या धुराड्यातला काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ. आपल्याकडे या वयाच्या बहुतेक गाड्यांत तो नसतो, पण असेल तर शहरात त्रास देतो. त्यात साठलेली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि ते हायवेवर सलग गाडी चालवली तरच नीट मिळतं. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड तापतही नाही, फिल्टर चोंदतो. त्यात टर्बो आणि इंजेक्टर या वयात कधीही काम काढू शकतात, आणि ही कामं महागडी असतात. टायर मोठे, ब्रेक मोठे, म्हणजे साधी देखभालही जड.

रस्ते खराब असतील, ओझं ओढायचं असेल किंवा लांबचा प्रवास नेहमीचा असेल, तर मात्र एसयूव्हीच बरी.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. मालकाला आधीच सांगून ठेवा. बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी जा, कारण स्टार्टिंगचा त्रास आणि निळा धूर थंड इंजिनच दाखवतं. टायरच्या बाजूला DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. स्टेपनी विसरू नका. सेडानला टायमिंग बेल्ट (इंजिनातला ठरावीक काळाने बदलावा लागणारा पट्टा) असेल आणि तो बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.